पाच वाजता पडणारी पापणी

माझी डावी पापणी रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला खाली यायची. सकाळी उठलो की दोन्ही डोळे टक्क उघडे. अंघोळ, चहा, बाजार, सगळं व्यवस्थित. दुपारी दोनला डावी पापणी जड व्हायची, चारला अर्ध्यावर यायची आणि पाचला दुकानाचं शटर ओढावं तशी बुबुळावर येऊन बसायची. त्याच वेळी जीभ जड पडायची. पापणी पुरती पडेपर्यंत एकाचे दोन दिसायचे. जेवताना निम्मी भाकरी झाली की जबडा दमायचा, कधी घासही अडकायचा. आता तुम्हीच सांगा, संध्याकाळी ज्याचा डोळा झाकतो, जीभ जड पडते आणि ज्याला एकाचे दोन दिसतात, अशा माणसाला आमच्या गेवराई तालुक्यात काय म्हणत असतील?

तेच मला म्हणत होते. आणि मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. मला वासानंच मळमळतं. लग्नात शेजारी कुणी पिऊन येऊन बसला तर मी ताट उचलून दुसऱ्या पंगतीला जातो. आज हे निवांत बसून लिहितोय, पण तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा. बरं, राग आला, आवाज चढवला, की जीभ आणखी जड व्हायची. म्हणजे मी प्यालो नाही हे जितकं ओरडून सांगावं तितका मी जास्त प्यालेला वाटायचो.

मी शेळ्यामेंढ्यांचा दलाल. घर उमापूरला, पण आठवड्यातले चार दिवस चार वेगवेगळ्या बाजारांत. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा रुमाल, त्याला आम्ही दस्ती म्हणतो, तो हातावर टाकायचा, दस्तीखाली समोरच्याची बोटं धरायची आणि बोटांनीच भाव सांगायचा. कोणतं बोट धरलं, किती धरली, ते त्या दोघांनाच ठाऊक. भोवती माणसं कोंडाळं करून उभी असतात. त्यांना हात दिसत नाहीत, म्हणून ती तोंडं बघतात. कुणाच्या भुवया हलल्या, कुणी आवंढा गिळला, यावरून पलीकडं भाव फुटतो. म्हणून दलालाचं तोंड कसं पाहिजे, तर त्यावर काही म्हणजे काही दिसायला नको. तीस वर्षं माझ्या तोंडानं मला भाकरी दिली. त्याच तोंडानं असा दगा द्यावा, याचा मला लई संताप होता.

सुरुवात झाली गेल्या दिवाळीनंतर. बाजार संपत आलेला. एक धनगर मेंढ्या घेऊन उभा होता. मी लांबूनच मोजल्या आणि म्हणालो, "चौदा हायत. सगळ्या एकदम द्यायच्या का?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सात हायत. बाकीच्या सात कुठंशी दिसल्या तेवढं दाखवा, मी हाकून आणतो."

मी डोळे चोळले, पुन्हा बघितलं. चौदाच. पुढच्या आठवड्यात एका शेळीचं तोंड उघडून दात बघितले. शेळीचं वय दातांवरून कळतं. दोन दात म्हणजे जवान, चार म्हणजे जरा पुढं गेलेली. मी म्हणालो, "चारदाती हाय." शेळीची मालकीण म्हणाली, "बोट घालून बघा." बोट घातलं तर दोन. वर शेळी चावली. गंमत अशी की पापणी पूर्ण खाली आली की एकाचं पुन्हा एकच दिसायचं, कारण बघायला डोळाच एक उरायचा. तेवढाच तिचा उपकार.

पापणी अर्धी असताना समोरचं दिसावं म्हणून मी मान मागं टाकून, हनुवटी वर करून बघायला लागलो. कपाळाला आठ्या घालून भुवया वर ओढायच्या, म्हणजे पापणी थोडी उचलायची. हे मी मुद्दाम करत नव्हतो, आपोआप व्हायचं. पण लोकांना वाटलं, मला मस्ती आली. पारावर एकजण माझ्या देखत म्हणाला, "पितो तर पितो, वर मिजास बघा."

घरी वेगळंच चाललं होतं. मी बाजारातून आलो की बायको दारात येऊन पिशवी घ्यायची. घ्यायची म्हणजे अगदी जवळ येऊन, तोंडासमोर तोंड आणून. पन्नाशी ओलांडल्यावर बायको रोज दारात इतकी जवळ यायला लागली तर माणसाला बरंच वाटणार. मला वाटलं. मी आठ दिवस दाढी वेळेवर केली. नवव्या दिवशी लक्षात आलं की ती वास घेतेय.

"अगं, तू माझ्या तोंडाचा वास घेतीस का?"

"मी कशाला घेऊ? पिशवी घेतली."

"पिशवी हातात हाय, तोंडात न्हाई."

ती पिशवी घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या सदऱ्याचा खिसा उलटा केलेला सापडला. तिला वास येत नव्हता, म्हणजे मी वर वेलदोडा खात असणार, असा तिचा हिशेब. तेव्हापासून मला एकच गोष्ट खात होती. बाजार काय म्हणतो, पार काय म्हणतो, त्याची मला फिकीर नव्हती. म्हणजे होती, पण सोसली असती. पण जी बाई पंचवीस वर्षं माझ्या ताटात वाढते, तिनं तरी माझ्यावर विश्वास ठेवावा, एवढंच मला पाहिजे होतं. ते मिळेना म्हणून मी पापणीवर इलाज सुरू केले.

शेजारच्या काकूंनी मीठमोहरी उतरवली. डोळा तसाच, पण चुलीत मोहरी तडतडून घरातले सगळे खोकले. न्हाव्यानं डोकं इतकं रगडलं की पापणी सोडून बाकी सगळं हललं. एकानं एरंडेल लावायला सांगितलं. एका शहाण्यानं सांगितलं, डावा डोळा आळशी झालाय, उजवा बांधून ठेवा, म्हणजे डाव्याला काम करावं लागेल. मी उजवा बांधला, आणि चारच्या सुमाराला आमच्याच म्हशीच्या अंगावर जाऊन आदळलो.

आमची लेक गेवराईला कॉलेजात शिकते. तिनं औषधाच्या दुकानातून पांढरी चिकटपट्टी आणली आणि माझी पापणी ओढून भुवईला चिकटवली. दिसायला लागलं, एकदम स्वच्छ. मी खुश होऊन तसाच बाजारात गेलो. पण चिकटवलेली पापणी मिटेना. डोळा कोरडा पडला, चुरचुरला आणि त्याला धार लागली. मी दस्तीनं डोळा पुसतोय आणि सौदा करतोय. एक म्हातारा व्यापारी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नको रडू बाबा. सुटंल हळूहळू." त्या दिवसापासून मी नुसता पीत नव्हतो, पिऊन रडत पण होतो.

मग आला चैत्रातला तो बाजार. त्यानं माझं उरलंसुरलं नाव घालवलं. ऊन असं की शेळ्या पत्र्याच्या सावलीतून हलत नव्हत्या. साडेचारलाच पापणी पडली. माझा एक जुना दोस्त आहे, बीडचा, बकऱ्यांचा व्यापारी. पाच वेळा नमाज पढणारा, दारूचं नाव काढलं तरी थुंकणारा माणूस. तो बरेच दिवस माझ्याकडं बघून मान हलवत होता. त्या दिवशी त्यानं माझा दंड धरला आणि मला ओढत रसवंतीवर नेलं.

"बैठ बे."

"अरे पण कावून?"

"बैठ. सबके सामने उतारता मैं."

त्यानं पोत्याखालचा बर्फाचा खडा फोडून घेतला, स्वतःच्या दस्तीत गुंडाळला आणि माझ्या डाव्या डोळ्यावर दाबून धरला. मी हातपाय झाडले. बकरा धरायची सवय असलेला माणूस तो, सोडतोय होय? दोनएक मिनिटं त्यानं मला असं धरलं. रसवंतीवरची माणसं ग्लास हातात घेऊन उभी राहिली. मग त्यानं बर्फ काढला.

माझा डोळा टक्क उघडा. सकाळी असतो तसा. मला रसवंतीवाल्याच्या मिशीतला एकन् एक केस दिसत होता.

"उतरली," कुणीतरी म्हणालं.

"उतर गई," माझा दोस्त म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "देखा? बर्फ से उतर गई. अब तो छोड दे."

बर्फ डोक्याला लावला की उतरते हे सगळ्या मुलखाला माहीत, आणि माझी तर सगळ्यांच्या समोर उतरली. क्षणभर मलाच माझी शंका आली. उसाच्या रसात तर काही नसेल, असंही मनात येऊन गेलं. दहा मिनिटांनी पापणी पुन्हा खाली आली, पण तोपर्यंत माणसं पांगली होती. ज्यानं मोबाईलवर शूटिंग केलं होतं त्यानं उघड्या डोळ्यावरच ते बंद केलं होतं. आमच्या गावाच्या ग्रुपवर ते मी घरी पोहोचायच्या आत आलं. तिथून ते माजलगावला गेलं, कारण माजलगावला माझी सासुरवाडी.

पुढच्या रविवारी मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, उसाचा बागायतदार, बरोबर भावकीतले दोन वडीलधारे. माझं नशीब असं की गाडी लागली संध्याकाळी सहाला. सकाळी आले असते तर मी दोन्ही डोळे वटारून एकेकाला गप केलं असतं. सहाला माझ्याकडं एकच डोळा होता आणि जीभ ओल्या पोत्यासारखी.

ओट्यावर सतरंजी टाकली. चहा आला. मेव्हणा खाली बघत म्हणाला, "दाजी, चूक माणसाच्याच हातून होती. आमच्याकडं एक जागा हाय. तिथं माळ घालत्यात, शपथ देत्यात. लई लोकांची सुटली."

"मी पीत न्हाई," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते 'मी पीनाई' असं काहीतरी निघालं.

दोघा वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"तुमी सकाळी या," मी म्हणालो. "सकाळी मी नीट असतो."

"सकाळी सगळेच नीट असत्यात, दाजी," मेव्हणा म्हणाला.

मी उठून उभा राहिलो. त्याला ओट्यावरून खाली ढकलावं इतका राग आला होता, पण भुवया ताणून पापणी जरा उचलली तर दोन मेव्हणे दिसायला लागले, नेमका कुठला ढकलावा ते कळेना. तेवढ्यात बायको आतून आली. कणीक मळत होती, हाताला पीठ तसंच. तिनं लेकीला हाक मारली, समोर उभं केलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ह्या लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगते," ती भावाला म्हणाली. "माझा नवरा दारू पीत न्हाई. कदी प्याला न्हाई. आन् ह्या कामासाठी पुन्यांदा माझ्या दारात यायचं न्हाई."

आमच्याकडं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कुणी बोललं की पुढं वाद नसतो. तिथं खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही, कारण खोटं निघालं तर ते लेकरालाच भोवतं असं सगळे मानतात. मेव्हण्यानं चहा निम्मा ठेवला. वडीलधारे चपला शोधायला लागले. गाडी निघून गेली तरी मी तिथंच उभा होतो. लेक केसांतलं पीठ झटकत होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. गाव गेलं खड्ड्यात, बाजार गेला खड्ड्यात, माझी बायको माझ्या बाजूनं आहे. त्या संध्याकाळी दमलेल्या जबड्यानं मी तिनं वाढलेलं सगळं खाल्लं. पिठलं कडू लागलं, तरी खाल्लं. गेले काही महिने आमच्या घरी सगळंच जरा कडू लागायचं. विचारलं की ती म्हणायची, मेथी टाकली.

शेवटी लेकीनंच बीडच्या एका डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. मी मुद्दाम संध्याकाळची मागून घेतली. सकाळी गेलो असतो तर तब्येत छान आहे म्हणून त्यांनी परत पाठवलं असतं. बाहेर बाकावर एक आजोबा होते, त्यांच्या दोन्ही पापण्या उतरलेल्या. नंबर पुकारला की ते दोन बोटांनी दोन पापण्या वर धरायचे, आपला नाही हे बघायचे आणि पुन्हा सोडून द्यायचे. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्या जातीचं कुणीतरी भेटलं.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा पाचसात वर्षांनीच मोठ्या असतील. मी खुर्चीवर बसल्या बसल्या सांगून टाकलं, "बाई, कापा आन् वर शिवून टाका. भुवईला शिवली तरी चालंल."

"तसं शिवतातही," त्या हसून म्हणाल्या. "पण कुणाची ते बघून."

मग त्यांनी समजावून सांगितलं. बाहेरच्या आजोबांची पापणी वयानं उतरली आहे. पापणी वर ओढणारा एक स्नायू असतो, त्याची पकड वयानं सैल होते. कुणाची मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर होते, कुणाची वर्षानुवर्षं डोळे चोळून. तिथं टाके घालून ती पकड घट्ट करता येते. आजोबांचं तेच करायचं आहे. काही पोरं जन्मतःच पडलेली पापणी घेऊन येतात. त्यांच्या स्नायूत जोरच नसतो, म्हणून पापणी कपाळाच्या स्नायूला आतून बांधतात, आणि तिथं उशीर करायचा नसतो, नाहीतर झाकलेला डोळा बघायलाच शिकत नाही. ज्यांचं ऑपरेशन करता येत नाही त्यांना चष्म्याच्या आत तारेचा टेकू बसवून देतात. मला तो टेकू लगेच आवडला.

"आणि एखाद्याची पापणी एका दिवसात अचानक पडली," त्या पुढं म्हणाल्या, "डोकं दुखतंय, एकाचे दोन दिसतात, बाहुली मोठी झालीय, तर माझ्याकडं वेळ घेत बसायचं नाही. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. मेंदूतल्या शिरेचं काही असू शकतं. तुमची कशी पडते?"

"रोज पाचला," मी म्हणालो.

त्या लिहिता लिहिता थांबल्या. मग त्यांनी मला छताच्या पंख्याकडं बघायला लावलं आणि पापणी हलवायची नाही म्हणाल्या. मिनिटभरात डावी पापणी उरलीसुरलीही खाली आली. "थांबा," म्हणाल्या आणि आत गेल्या. येताना हातात रबरी मोजा, आणि मोज्यात बर्फ.

मी खुर्चीतून उठलोच. "बाई, ते नको. त्याच्यानं माझं लई वाटोळं झालंय."

लेकीनं मला खाली बसवलं. दोन मिनिटं बर्फ. मोजा काढला. डोळा टक्क उघडा. मी मान खाली घातली आणि वाट बघत बसलो, आता ह्या पण म्हणतील, उतरली.

"वर बघा," त्या म्हणाल्या. "तुमचा स्नायू चांगलाय. तो दमतो फक्त."

त्यांनी सांगितलं, मेंदूचा निरोप नसेतून स्नायूकडं जातो. तो घ्यायची जी जागा असते, तिथंच आपल्या अंगातले रोगाशी लढणारे राखणदार चुकून आपलीच वाट अडवून बसतात. सकाळी स्नायू ताजा असतो, काम भागतं. दिवसभर वापरला की दमतो. थंड केला किंवा विश्रांती दिली की थोडा वेळ पुन्हा चालतो. म्हणून संध्याकाळी पापणी पडते, जीभ जड होते, जबडा दमतो. बर्फानं आजार बरा होत नाही, फक्त ओळखू येतो. म्हणजे माझ्या दोस्तानं रसवंतीवर जे केलं ते डॉक्टरी तपासणीच होती. फक्त निकाल वाचायला तिथं कुणी नव्हतं.

"मग शिवायची न्हाई?" मी विचारलं.

"आज शिवली आणि उद्या औषधानं जोर आला, तर झोपेतही मिटणार नाही." मग त्यांचा आवाज बदलला. "घास सारखा अडकायला लागला किंवा दम लागला तर घरी थांबायचं नाही. हा आजार कधी कधी तिथवर जातो." आणि संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांना त्यांनी चिठ्ठी दिली.

लेकीची परीक्षा होती म्हणून संभाजीनगरला बायको बरोबर आली. रक्त घेतलं. नसांना बारीक बारीक झटके देऊन बघितलं, शेळीला कुंपणाचा करंट लागावा तसा मी दर वेळी उडत होतो. छातीचा फोटो काढला, कारण तिथं हाडामागं एक ग्रंथी असते, ती कधी कधी ह्या सगळ्याच्या मुळाशी असते. माझी ठीक निघाली. सगळे कागद आले तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. म्हणाले, आजार तोच आहे. गोळ्या दिल्या, दिवसातून ठरावीक वेळी, चुकवायच्या नाहीत. लागलं तर पुढं आणखी औषधं आहेत. पूर्ण जाईल असं सांगत नाही, पण ताब्यात राहील.

"ह्या आजारात काही औषधांनी अशक्तपणा वाढतो," ते म्हणाले. "दुसरं काही चालू आहे का? झाडपाला, पुडी, काही?"

"काई न्हाई," मी छाती पुढं काढून म्हणालो. "मी साधी डोकेदुखीची गोळी पण घेत न्हाई."

बायकोनं मांडीवरची पिशवी उघडली, आतून दुसरी पिशवी काढली, तिच्यातून रुमाल, रुमालातून एक कागदी पुडी, आणि ती टेबलावर ठेवली. पुडीवर ठळक छापलेलं होतं, पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा. डॉक्टरांनी पुडी उघडून वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

"कशातून देत होता?"

"डाळीत," ती म्हणाली. "पिठल्यात. भाजीत."

"किती दिवस?"

"संक्रांतीपासून."

"यात काय आहे ते मलाही माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "आजपासून बंद." मला वाटतं ते आम्ही बाहेर पडायची वाट बघत होते, कारण दार लागल्या लागल्या आतून हसण्याचा आवाज आला.

पहिली गोळी तिथंच नळावर पाणी घेऊन घेतली. बसस्टँडवर येऊन बसलो. मी तोंड रस्त्याकडं केलं. पाच वाजले, साडेपाच झाले, पापणी जागची हलली नाही. दिवाळीनंतर पहिल्यांदाच मला संध्याकाळ दोन्ही डोळ्यांनी दिसत होती. आणि मी मनातल्या मनात महिने मोजत होतो. संक्रांत, मग शिमगा, मग चैत्र. मेव्हणा आला तो चैत्रात.

"शपथ घेतलीस तवा पुडी चालू व्हती?"

"त्याच दिवशी पिठल्यात टाकली व्हती."

"म्हणजे मी पितो अशी तुला खात्री व्हती."

"व्हय."

"आन् पोरीच्या डोक्यावर हात ठिवलास?" माझा आवाज इतका मोठा होता की पलीकडचा शेंगावाला बघायला लागला. "खोटं वाटत असताना? तिला काई झालं असतं म्हणजे?"

"मग काय करायचं व्हतं?" तीही चढ्या आवाजात म्हणाली. "माझ्या ओट्यावर, चार माणसांत, माझ्याच भावानं तुमाला मान खाली घालाय लावायची? तुमी पिता का न्हाई ते माझं मी बघितलं असतं. त्याला काय करायचंय?" मग ती म्हणाली, "आन् हात डावा ठिवला व्हता. डाव्याची शपथ लागत न्हाई. तरी तवापासून शनिवार धरलाय पोरीसाठी. पाणी बी पीत न्हाई संध्याकाळपतोर."

दर शनिवारी ती उपाशी असते ते मी बघत होतो, पण मला वाटलं होतं की ते शनिवार माझ्या डोळ्यासाठी आहेत. तेही नव्हते. राग तर आला होताच, म्हणून मी म्हणालो, "वास घेतलास, खिसे बघितलेस, कदीच काई घावलं न्हाई. तरी तुला दारूच वाटली. एवढीच माझी किंमत केलीस?"

तिनं पदरानं नाक पुसलं.

"वाटली न्हाई," ती म्हणाली. "वाटून घेतली. तुमचा घास अडकायचा ते मला दिसत न्हवतं का? भाकरी चावून थकायचा ते दिसत न्हवतं? रोज देवाला म्हणायचे, दारूच असू दे. दारू सुटती."

मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली आणि गेवराईची गाडी लागेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिलो.